शेऱ्याचा रकाना

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका गेली तीन वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत. "तुम्ही संशोधनाच्या जहाजावर जायचात ना, तिथल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं. दिवाळीत लोकांना जड नको असतं." दोन वर्षं मी टाळलं. यंदा त्यांनी माझं नाव अनुक्रमणिकेत आधी छापायला दिलं आणि मग मला फोन केला. याला दिल्लीत 'प्यार से' काम करून घेणं म्हणतात.

तर गमतीजमती. पहिली गंमत अशी की दिल्लीत समुद्र नाही. हे मला आयुष्यभर इतक्या लोकांनी नव्याने सांगितलंय की मी नकाशा पाहिलाच नसावा असं वाटावं. रिक्षावाल्याने सांगितलं, बँकेतल्या बाईने सांगितलं, दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट घेताना सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं. पुण्याच्या नातेवाइकांची तऱ्हा वेगळी. "म्हणजे तू नेव्हीत का?" नाही. "मग मासे मोजता का?" नाही. "मग पाण्यात बघता तरी काय?" पाणीच बघतो. यावर पलीकडून जी शांतता यायची ती मी तीस वर्षं ऐकली.

म्हणून एकदाच नीट सांगते. मी पाण्याची रसायनतज्ज्ञ. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. समुद्राचं पाणी वरून खालपर्यंत एकसारखं नसतं. वर उजेड असतो, तिथले बारीक जीव पाण्यातलं खाद्य, म्हणजे नायट्रेट, सिलिकेट असली द्रव्यं, फस्त करतात. खाली अंधारात खाणारं कोणी नाही, त्यामुळे तिथे साठा भरपूर. कुठल्या थरात किती साठा आहे ते मोजलं की ते पाणी कुठून आलं, किती जुनं आहे, याचा अंदाज येतो. त्यासाठी जहाजावरून एक मोठी लोखंडी चौकट तारेने खोल सोडतात. तिच्या मध्ये मोजमापाची उपकरणं आणि भोवती बारा उभ्या बाटल्या. बाटल्या दोन्ही बाजूंनी उघड्या जातात आणि हव्या त्या खोलीला वरून बटण दाबलं की त्यांची झाकणं खाडकन बंद होतात. एक नंबरची बाटली सगळ्यात खोल बंद होते. तेवढं पाणी वर आणायला तासन् तास लागतात आणि ते बाटलीभरच असतं. या बाटलीभर पाण्यासाठी आम्ही घरदार सोडून महिना महिना जात होतो.

जाऊ देत होते असं मात्र नाही. माझं नाव पहिल्यांदा यादीत गेलं तेव्हा ज्या समितीपुढे ते आलं तिच्या अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "लेडीज बाथरूम है क्या जहाज पर?" नव्हती. तेवढ्यावर माझ्या दोन सफरी गेल्या. तिसऱ्या वेळी जहाजाच्या कप्तानानेच कळवलं की एका स्नानघराला आतून कडी बसवली आहे, आता पाठवा. एका कडीसाठी भारत सरकारला दोन वर्षं लागली. मुरगाव बंदरात मी जहाजावर चढले तेव्हा सगळ्यात आधी ती कडी लावून पाहिली. ती लागत नव्हती.

तिथे मला दहिया भेटले. भेटले म्हणजे, आमच्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या मजल्यावर होते, पण दिल्लीत एका मजल्यावरचा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्याला निवृत्तीच्या समारंभातच भेटतो. दहिया रोहतकजवळच्या गावचे. समुद्राचे प्रवाह, तापमान हा त्यांचा विषय, आणि ती चौकट खाली सोडण्याचं काम त्यांच्याकडे. चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. "तैरना आता है?" असं मी काळजीने विचारलं तर म्हणाले, "आता है मॅडम. भैंस की पूंछ पकड के सीखा हूं. भैंस साथ होनी चाहिए, बस."

चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलायची हरयाणवी लोकांची जी पद्धत आहे ती या माणसाने जहाजावर आणली होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसले. आठव्या दिवशी मला त्यांना समुद्रात ढकलून द्यावंसं वाटत होतं, म्हैस न देता.

गंगाजलाचंच घ्या. मी दिल्लीहून शुद्ध केलेल्या पाण्याचे दोन कॅन आणले होते. बाटल्या विसळायला, द्रावणं करायला तेच लागतं, नळाचं चालत नाही. त्यातलं पाणी लोक चहाला घ्यायला लागले. मी चिडून दहियांना सांगितलं, तुम्ही काहीतरी करा, खलाशी तुमचं ऐकतात. त्यांनी केलं. दोन्ही कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गंगाजल. कृपया हाथ न लगाएं.' चहाला घेणं त्या दिवसापासून बंद झालं, हे कबूल केलं पाहिजे. पण मग इंजिनरूममधले लोक छोट्या बाटल्या घेऊन यायला लागले. आचारी रोज सकाळी वाटीभर नेऊन स्वयंपाकघरात शिंपडायचा. एक वयस्क खलाशी, त्याची आई आजारी होती, तो हात जोडून मला म्हणाला, "दीदी, थोडा सा." आता त्याला काय सांगणार? मी दिलं. चौथ्या दिवशी दोन्ही कॅन रिकामे, माझं काम ठप्प, आणि दहिया शांतपणे म्हणाले, "हाथ तो किसी ने नहीं लगाया मॅडम. सब ने कटोरी लगाई."

मग मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी ते इंजिनरूमच्या वाफेचं पाणी गाळून, पुन्हा गाळून दोन कॅन भरून घेऊन आले. हाताला चटके बसले होते, ते त्यांनी सांगितलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं. राग धरायचा तरी कसा या माणसावर, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

बाहेरच्यांना वाटतं, शास्त्रज्ञ जहाजावर गंभीर चेहऱ्याने क्षितिजाकडे पाहत असतात. महिनाभर तीच बारा तोंडं, तीच भेंडी, पायाखाली न थांबणारं हलणं आणि घरी बोलायची सोय जवळपास नाही. अशा ठिकाणी माणूस विनोद करतो किंवा भांडतो. शहाणी जहाजं विनोद करतात. आमच्या जहाजावर 'अजून किती दिवस राहिले' असं जो विचारेल त्याने त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या धुवायच्या, असा नियम होता. मी पहिल्या सफरीत एकोणीस वेळा धुतल्या.

दहियांच्या विनोदाची मुख्य जागा म्हणजे लॉगबुक. प्रत्येक वेळी चौकट खाली गेली की त्याची नोंद होते. वेळ, जागा, खोली, कुठली बाटली कुठे बंद केली. आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. तो असतो काही बिघडलं तर लिहायला. दहियांचा रकाना कधीच रिकामा नसायचा. 'बोतल नं. ७ हडताल पर.' 'आज फिर भिंडी.' 'केलकर मॅडम गुस्से में. कारण: मैं.' यातली सात नंबरची बाटली खरंच बंद झालेली नसायची, आणि भेंडीही खरीच असायची.

एका सफरीच्या अहवालात हे शेरे जसेच्या तसे टाइप होऊन साहेबांपुढे गेले. साहेब म्हणजे आमचे प्रयोगशाळा प्रमुख, सज्जन, पण घाबरट. त्यांनी 'बोतल नं. ४ को मां की याद आ रही है' याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि मला बोलावून घेतलं. दहियांना नाही, मला. "आप से ये उम्मीद नहीं थी, केलकर मॅडम." मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन ठरवलं की यापुढे स्वच्छ प्रत मी करणार आणि त्यात शेऱ्याचा रकाना असणारच नाही. पुढच्या सफरीपासून मी तो न वाचताच गाळला. कुणाला विचारलं नाही. इतका त्रास एका फटक्यात संपला म्हणून स्वतःवर खूश होते.

आता कप. खोल समुद्रावर जाणाऱ्या सगळ्या जहाजांवर हा एक जुना पोरखेळ आहे. थर्माकोलच्या कपावर रंगीत पेनांनी चित्रं काढायची, ते जाळीच्या पिशवीत भरून चौकटीला बांधायचे आणि खाली सोडायचे. खालच्या दाबाने थर्माकोलमधली सगळी हवा पिळून निघते आणि कप अंगठ्याएवढा होऊन वर येतो, चित्रासकट. मोठमोठे प्राध्यापक यासाठी रांग लावतात. माझी मुलगी मुक्ता तेव्हा चौथीत होती. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, शाळा चालत जाण्याएवढी जवळ. आई जहाजावर जाते म्हणजे नक्की काय करते, हे वर्गाला कळावं म्हणून मी तिच्या वर्गातल्या चाळीस मुलांचे चाळीस कप घेऊन निघाले. पिशवी सरोजिनी नगर मार्केटमधूनच आणली, भाजीची, जाळीदार. तिथे वस्तू किती स्वस्त आणि किती कच्ची मिळते ते दिल्लीकरांना सांगायला नको.

ज्या दिवशी सगळ्यात खोल ठिकाण आलं त्याच दिवशी समुद्र खवळला आणि मी आडवी झाले. समुद्र लागणं म्हणजे काय, हे ज्याला लागत नाही त्याला समजत नाही. पोटात काही उरलेलं नसतं आणि तरी पोट ऐकत नाही. मी केबिनमध्ये बादली धरून पडले होते. दहियांनी दाराबाहेरून विचारलं, "मॅडम, कप बांध दूं? और आप के सॅम्पल भी भर दूंगा." मी हो म्हटलं. दुपारी दोनच्या सुमाराला ते पुन्हा आले. दारावर टकटक केली आणि म्हणाले, "मॅडम, सॅम्पल भर दिए. लेकिन एक नंबर ने कप खा लिया."

मी ओरडले, "दहियाजी, अभी नहीं! प्लीज जाइए!"

ते गेले. जाताना दारात सुके चणे ठेवून गेले.

नमुने बर्फाच्या पेटीत घालून मी रेल्वेने दिल्लीला आणले. डब्यातल्या तिकीट तपासनिसाला शेवटपर्यंत खात्री होती की पेटीत सुरमई आहे आणि मी त्याला देत नाही. दहिया गोव्याहून थेट गावी गेले, गव्हाच्या कापणीची रजा घेऊन. हरयाणातला माणूस खाती बदलेल, देश बदलेल, पण कापणीची रजा सोडणार नाही. शिवाय त्या वेळी ते खुशीत होते. पुढच्या सफरीचे मुख्य शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव पक्कं झालं होतं. आमच्या प्रयोगशाळेतून जहाजाचं नेतृत्व करणारे ते पहिलेच. त्यांच्या वडिलांनी गावच्या चौपालावर सांगून टाकलं होतं की पोरगा जहाजाचा लंबरदार, म्हणजे आपला पाटील, झाला.

दिल्लीत मी नमुने तपासले आणि हात थांबला. एक नंबरच्या बाटलीत, सगळ्यात खोलच्या पाण्यात, सिलिकेट निम्म्याहून कमी. दुसऱ्यांदा तपासलं, तेच. म्हणजे तळाशी कुठूनतरी वेगळं, तरुण पाणी येत होतं, जे कोणी आधी पाहिलं नव्हतं. चौकटीतल्या उपकरणांनी नोंदलेले क्षाराचे आणि तापमानाचे आकडे मात्र अगदी नेहमीसारखे होते. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण इतकी वर्षं पाणी बघून पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं, आणि सापडलेलं हातातून सोडायला मन तयार नसतं. मी साहेबांना सांगितलं. साहेबांना तर ते घबाडच वाटलं. त्यांनी आकडा समितीकडे पाठवला आणि त्याच्या जोरावर नव्या सफरीची मागणीही करून टाकली. बैठकीची तारीख लागली. मी आठवडाभर तरंगत होते. श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने, मला पहिल्यांदा लोकांपुढे 'आमच्या शास्त्रज्ञ' म्हटलं.

बैठकीला चार दिवस होते तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या सक्सेनाबाई मुलाला घेऊन तणतणत आल्या. शाळेत कप वाटले होते. "देखिए भाभीजी, सब बच्चों के कप ठीक हैं, हमारे अंशुल का आप के जहाज ने काट दिया!"

मी तो एवढासा कप हातात घेतला. त्यावर रॉकेट काढलेलं होतं आणि काठाला अर्धचंद्राकार खाच होती, दाताने चावा घ्यावा तशी. ती गोलाई मी झोपेतही ओळखली असती. बाटलीच्या झाकणाची होती. भाजीची पिशवी खाली फाटली होती, एक कप निसटून एक नंबरच्या झाकणात अडकला होता, झाकण नीट बंद झालंच नव्हतं, आणि वर येताना वाटेतलं सगळं पाणी त्या फटीतून आत शिरलं होतं. तळाचं तरुण पाणी वगैरे काही नव्हतं. सक्सेनाबाई बोलत होत्या आणि मला केबिनच्या दाराबाहेरचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मूळ लॉगबुक काढलं. दहियांचं अक्षर सुंदर आहे. शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'नं. १ ने कप खाया. मुंह खुला रह गया.' खाली, 'शाम को भिंडी.'

दहिया त्याच दिवशी रजेवरून रुजू झाले. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. एवढी महत्त्वाची गोष्ट कोणी अशी लिहितं का, तुम्हाला कशाचं गांभीर्य आहे की नाही, तुमच्या या मस्करीने माझा जीव जायची वेळ आली आहे. ते वरच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, उस दिन मैंने मजाक नहीं किया था. कप ही तो खाया था उसने. और क्या लिखता?" मग जरा थांबून, "लिख्या तो था. आपकी कॉपी में नहीं है क्या?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी मारत होते, हे मला त्या जिन्यात कळलं. कप माझे, पिशवी माझी, आजारी मी, दारातून हाकललं मी, आणि रकाना गाळला तोही मीच. दहियांनी काम माझं केलं होतं आणि नोंद चोख केली होती.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. आकडा चुकीचा आहे, बाटली उघडी राहिली होती, एवढं मी सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "अब समिति में कोई तो जवाब देगा," एवढंच ते म्हणाले. स्वच्छ प्रतीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बैठकीत सांगेन, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. आदल्या रात्री श्रीकांतला म्हटलंही, "उद्या मी सांगून टाकणार आहे." तो म्हणाला, "सांग. फार तर काय करतील?"

काय करतील ते मला पक्कं ठाऊक होतं. बैठकीत अकरा पुरुष होते आणि मी. अध्यक्ष तेच, बाथरूमवाले. साहेबांनी आकडा मागे घेत असल्याचं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मॅडम, सुना है आप तो उस दिन बीमार थीं?" टेबलावरचा कोणीतरी हसला. तेवढं पुरे होतं. आता पुढचं वाक्य काय येणार ते मला दिसत होतं. बायका जहाजावर आजारी पडतात, काम दुसऱ्यांना करावं लागतं, मग असे घोळ होतात. माझं वाक्य तयार होतं, 'सर, रिमार्क्स का कॉलम मैंने हटाया था.' जिभेवर होतं.

दहिया उभे राहिले.

"सर, कप मैंने बांधा था," ते म्हणाले. थांबले. "बोतल में से निकाला भी मैंने." पुन्हा थांबले. समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायले, सावकाश. "लॉग में लिखा. पर जैसे लिखना चाहिए था, वैसे नहीं लिखा." पुन्हा थांबले. पंख्याचा आवाज येत होता. "मेरा लिखा पढ के किसी को कुछ समझ में नहीं आता, सर. आदत है मेरी." आणि बऱ्याच वेळाने, "बस. इतना ही है."

इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घाबरले आहेत असं वाटलं आणि मला त्यांची दया आली. मी टेबलाकडे बघत मूग गिळून बसले. अध्यक्ष म्हणाले, हे संशोधनाचं जहाज आहे, पिकनिक नाही. लेखी ताकीद मिळाली आणि पुढच्या सफरीचं नेतृत्व दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांकडे गेलं. दहियांचं नाव त्यानंतर कुठल्याच यादीत आलं नाही. एकदा पुसलेलं नाव पुन्हा घालायला कोणालातरी मुद्दाम हात वर करावा लागतो. साहेबांनी केला नाही. मीही केला नाही.

बैठकीनंतर आम्ही रस्त्यावर चहा प्यायलो. ते म्हणाले, "चलो मॅडम, भिंडी से तो पीछा छूटा." आणि मी हसले. अगदी मनापासून हसले, कारण सुटले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी नंतर आणखी तीन सफरी केल्या. माझ्यामागून आमच्या प्रयोगशाळेतल्या दोन मुली गेल्या, त्यातली एक पुढे मुख्य शास्त्रज्ञ झाली. त्या दिवशी मी बोलले असते तर त्या मुलींना कितीतरी वर्षं जहाज दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरंही असेल. पण त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा मला कुठल्या मुली आठवल्या नव्हत्या. मला फक्त माझी पुढची सफर आठवली होती.

दहियांनी मैत्रीत काडीचाही फरक केला नाही. हेच तर वैतागवाणं आहे. चार शब्द ऐकवले असते, महिनाभर अबोला धरला असता, तर मला तरी काही बोलता आलं असतं. उलट मुक्ताच्या लग्नात ते पंगतीत वाढत होते. निवृत्तीनंतर त्यांनीही द्वारकेत घर घेतलं, आमच्यापासून दोन सेक्टर सोडून, आणि दर रविवारी पोहे खायला येतात. येताना प्रत्येक वेळी वॉचमनला सांगतात की केळकर मॅडमकडे उधारी वसूल करायला आलोय. त्या वॉचमनला ते खरं वाटतं. सोसायटीत माझ्याविषयी काय बोलत असतील देव जाणे.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि गेल्या रविवारी ते आले. टेबलावर कागद पाहून म्हणाले, "क्या लिखा जा रहा है?" जहाजाबद्दल, म्हटलं. "मैं हूं उसमें?" आहात. "तो सुनाओ." त्यांना मराठी येत नाही. इतकी वर्षं माझ्या घरी येऊन 'पोहे' आणि 'बस' एवढेच शब्द शिकले आहेत. लिहिताना मला त्याचा आधार वाटत होता, हेही सांगून टाकते. मनात आणलं असतं तर हवं तेवढं वाचून बाकीचं सोडता आलं असतं. श्रीकांत समोर बसून पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं हिंदीत करून वाचून दाखवलं. म्हशीच्या शेपटीला ते हसले, गंगाजलाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जिन्यापर्यंत आलो तेव्हा हसणं थांबलं. बैठकीचंही सगळं वाचलं. वाचून झाल्यावर म्हटलं, "मुझे उठना चाहिए था, दहियाजी. मैं नहीं उठी. सॉरी."

आता हा माणूस काहीतरी मस्करी करणार आणि विषय संपवणार, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी केली नाही. बशीतले पोहे त्यांनी तसेच बाजूला ठेवले.

"मॅडम," ते म्हणाले, "मैं उस दिन इतना धीरे क्यों बोल रहा था, आप को क्या लगा?"

"घबराए हुए थे."

"घबराता क्यों? नौकरी थोडे ही जा रही थी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कागदांकडे पाहत होते. "एक बात बोलता था और रुक जाता था. कि अब आप उठोगी. आधी मेरी, आधी आप की. आधी आधी में दोनों बच जाते. फिर दूसरी बात बोलता था, फिर रुकता था. पानी का गिलास उठाया, वो भी इसीलिए. प्यास कहां लगी थी मुझे."